मदत हवी आहे : कातळशिल्पांच्या प्रयोजनाविषयी

दादरच्या आमच्या अभ्यासमंडळात मला प्राचीन भूचित्रांच्या (जमिनीवर वा कातळावर काढलेल्या भव्य आकृत्यांच्या) प्रयोजनावर बोलायचे आहे. पेरूतील नाझका रेषा (वाळवंटात जमिनीवर आखलेल्या प्रचंड रेषा व आकृत्या) म्हणजे खगोलीय पंचांग, हे या रेषांच्या अभ्यासक मारिया राइखे यांचे मत खगोलशास्त्रज्ञ जेराल्ड हॉकिन्स यांनी १९६८ मध्ये संगणकाच्या साहाय्याने केलेल्या पडताळणीत टिकले नाही. मानववंशशास्त्रज्ञ योहान राइनहार्ड यांनी या रेषांचा संबंध पाणी आणि सुफलतेच्या विधींशी जोडला, आणि त्या रखरखीत प्रदेशाचा विचार करता मला तेच अधिक पटते. (या रेषा परग्रहवासीयांनी काढल्या, हा विषय कृपया नको.) मात्र कोकणातील (रत्नागिरी जिल्हा) कशेळीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या सपाट पठारावर, कोरलेल्या सुमारे १८ मीटर लांबीच्या हत्तीच्या कातळशिल्पाला, ज्याच्या बाह्यरेषेच्या आत अनेक प्राणी व मासे कोरलेले आहेत, हा तर्क लागू पडेल का? पावसाळ्यात धो धो पाऊस आणि उन्हाळ्यात सडे ठणठणीत कोरडे, हे ध्यानात घेऊन जाणकारांनी मत द्यावे आणि मुंबईत वाचायला मिळतील असे मराठी लेख सुचवावेत, ही विनंती.