खाजणाकाठच्या बांधकामाला परवानगी देण्याआधी गावाला विचारायला हवं की नको?

खाजणकाठ

थेट मुद्द्यावर येतो. खाडी, खाजण (खाडीलगतची खाऱ्या पाण्याची सखल जमीन) किंवा तळ्याच्या काठावर रिसॉर्ट, बंगल्यांची वसाहत किंवा प्लॉटिंग येणार असेल तर परवानगीआधी तो प्रकल्प नकाशासकट गावच्या ग्रामसभेत मांडला गेला पाहिजे. कागद मराठीत हवेत. ग्रामसभेने घेतलेल्या प्रत्येक हरकतीला परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याने कारणासह लेखी उत्तर द्यावं. गावाला नकाराधिकार द्या असं मी म्हणत नाही. गावाचं ऐकल्याशिवाय सही होऊ नये, एवढंच म्हणतोय.

आज हे होत नाही, आणि कायद्यातच त्याची सोय नाही. 2006 च्या पर्यावरण आघात अधिसूचनेत खाण, कारखाना, बंदर यांना जनसुनावणी लागते. इमारतींच्या प्रकल्पांना त्यातून सूट आहे. 20,000 चौरस मीटरपेक्षा कमी बांधकाम असेल तर त्या अधिसूचनेखालची मंजुरीही लागत नाही. सीआरझेड, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचे नियम, लागू असेल तर राज्याच्या किनारा क्षेत्र प्राधिकरणाची शिफारस लागते, पण ती कागदांवरून होते.

कोकणात याहून मोठी अडचण खारबंदिस्तीची आहे. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून, उघाड्या (पाणी अडवणारी-सोडणारी दारं) बसवून खाजणात भात घेतलं. 2019 च्या सीआरझेड अधिसूचनेनुसार 19 फेब्रुवारी 1991 पूर्वीचा बांध किंवा उघाडी असेल तर भरतीरेषा, म्हणजे भरतीचं पाणी जिथवर येतं असं धरलं जातं ती रेषा, त्या बांधावरच थांबते. खाडीकाठी तिथून पुढे 50 मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी असेल तेवढाच पट्टा सीआरझेडमध्ये येतो. बांधाच्या आत खारं पाणी शिरून तिवरं (खारफुटीची झाडं) उगवली असतील तर तेवढी जागा संरक्षित, बाकीची नाही. मग पाणथळ संरक्षणाचे 2017 चे नियम लागू होतील म्हणावं, तर त्यांनी भातशेती आणि मिठागरं आधीच वगळली आहेत. म्हणजे पट्ट्याच्या पलीकडचं जे खाजण उधाणाचं आणि पावसाचं पाणी पोटात घेतं, ते दोन्ही कायद्यांच्या मधोमध उघडं पडलंय. भरावाचे डंपर तिथेच येतात. हे जागेवर जाऊन सांगू शकेल असं गावाशिवाय कोण आहे?

जांभ्याचा चिरा

खाजणकाठ, तुमचा हेतू चांगला आहे. पण ग्रामसभा कशी चालते ते तुम्हालाही माहीत आहे. मी चिऱ्याचं आणि बांधकामाचं काम करतो, खाडीकाठी आमची वडिलोपार्जित जमीनही आहे. गणपूर्तीला 100 माणसं किंवा 15 टक्के मतदार, यातलं जे कमी असेल ते लागतं. तेवढीही जमत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेत दहा-बारा जण ठराव करतात. त्यातले निम्मे भावकीचे. आजोबांच्या वेळच्या हिश्श्याच्या भांडणामुळे माझ्याशी बोलणं नसलेले लोक माझ्या बांधकामावर पर्यावरणाच्या नावाने हरकत घेणार. हरकत मागे घ्यायला काय मागितलं जातं, ते मी इथे लिहीत नाही.

आधीच सातबारा, मोजणी, बिनशेती, नगररचना, सीआरझेडचा दाखला. आणखी एक दार म्हणजे आणखी एक हात पुढे. कोकणातला पोरगा मुंबईहून परत येऊन चार खोल्यांचं होमस्टे काढू पाहतो, तो याच दारात अडकेल. मोठ्या बिल्डरला काही फरक पडत नाही, त्याची माणसं गावागावात आहेत.

मला विचाराल तर नकाशा स्पष्ट करा. जिथे नाही तिथे कोणालाच नाही, जिथे होय तिथे कोणाला विचारायला लागू नये.

खाजणकाठ

चार खोल्यांच्या घराबद्दल मी बोलतच नाहीये. स्वतः राहण्यासाठी 300 चौरस मीटरपर्यंतचं घर असेल तर सीआरझेडमध्येही स्थानिक प्राधिकरणच परवानगी देतं, किनारा प्राधिकरणाची शिफारस लागत नाही. ती सवलत राहू दे. होमस्टेसाठीही तशीच मर्यादा ठरवता येईल. माझा प्रश्न आहे तो पाच-पाच एकर खाजण एकाच नावावर घेऊन वर दोन मीटर भराव टाकणाऱ्यांचा.

नकाशा स्पष्ट करा म्हणता, ते मला मान्य आहे. पण किनारा व्यवस्थापन आराखडे 1:25,000 या प्रमाणावर केलेत. त्या प्रमाणात 1 मिलिमीटर म्हणजे जमिनीवर 25 मीटर. अख्खा 50 मीटरचा पट्टा कागदावर 2 मिलिमीटरचा. पेन्सिलीची रेघ जाड झाली तर माणसाचं अर्धं आवार आत जातं किंवा बाहेर येतं. गावच्या गट नंबरांवर बसवलेला 1:4,000 चा नकाशा असतो, तो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावलेला कोणी पाहिलाय का?

उधाण

मी लग्न होऊन आले ते खाडीकाठच्या गावात. आमच्या घरच्या बायका ओहोटीला मुळे, तिसऱ्या, कालवं अशी शिंपली काढतात, घरात खाऊन उरलेलं बाजारात जातं. शेजारच्या खाजणात एका प्रकल्पाचं सर्वेक्षण झालं तेव्हा माणसं ओहोटीच्या वेळी आली, रस्त्यावर गाडी उभी करून फोटो काढून गेली. सासू म्हणाली, ‘भरतेचा पाणी खंयपर्यंत येता ता आमका इचारा, आमी दाखवतो.’ कोणी विचारलं नाही.

भराव टाकल्यावर काय होतं तेही लिहिते, कारण जमिनीचे व्यवहार करणारे याबद्दल बोलत नाहीत. पहिल्या पावसात ती लाल माती धुऊन खाडीत जाते. तिसरी चिखलात राहते, पण तिला तिचा चिखल लागतो, वर डोंगरातली माती बसली की ती गुदमरते. उधाणाचं पाणी पूर्वी खाजणात पसरायचं. आता ते भरावाला अडून आमच्या आवारात येतं. आणि विहिरी. खाडीकाठी गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, पातळ थर असतो तो. वरच्या अंगाला कोणी मोठी बोअर मारून पोहण्याच्या तलावासाठी पाणी उपसलं की खालचं खारं वर चढतं. एकदा विहीर खारी झाली की भातालाही गेली आणि चुलीलाही गेली.

जांभ्याचा चिरा दादा, भावकीची भांडणं तुमच्याकडे आहेत तशी आमच्याकडेही आहेत. पण विहीर सगळ्या भावकीची एकच असते.

मोजपट्टी

मी सर्वेक्षणाच्या क्षेत्रात आहे, म्हणून विरुद्ध बाजूने लिहितो. उधाण ताईंची वेदना खरी आहे. पण भरतीरेषा ही कोणाच्या सांगण्यावरून आखायची गोष्ट नाही. त्यासाठी केंद्राने नेमलेल्या संस्था आहेत. खाडीत भरतीचा प्रभाव कुठपर्यंत, हे उन्हाळ्यातल्या सगळ्यात कोरड्या काळात पाण्याची क्षारता मोजून ठरतं, हजारी 5 भाग ही त्याची मर्यादा. ग्रामसभेने हात वर करून क्षारता ठरत नाही.

आणि लोक नेहमी निसर्गाच्या बाजूने असतात हा समज सोडा. जुलै 2021 ला वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण बुडालं. त्यानंतर बांधकामावर बंधनं आणणाऱ्या निळ्या आणि लाल पूररेषेचा प्रश्न आला तेव्हा विरोध कोणी केला? तिथल्याच रहिवाशांनी आणि व्यापाऱ्यांनी. त्यांची बाजू समजण्यासारखी आहे, आयुष्याची कमाई त्या रेषेच्या आत होती. पण ग्रामसभेवर सोडलं असतं तर रेषा नदीच्या पात्रातच आखली गेली असती. स्थानिक म्हणजे शहाणा आणि बाहेरचा म्हणजे लुटारू, अशी मांडणी मला पटत नाही.

आगरवाट

मोजपट्टी, 2017 च्या पाणथळ नियमांतच उत्तर आहे. अधिसूचित पाणथळीभोवती कायमचं बांधकाम कुठवर नको? नियम लागू झाल्याच्या तारखेपासून मागच्या दहा वर्षांत दिसलेल्या सरासरी उच्च पूरपातळीपासून 50 मीटरच्या आत. आता मला सांगा, सिंधुदुर्गातल्या एखाद्या आतल्या तळ्यावर दहा वर्षं पातळी मोजायला पट्टी कोणी लावलीय? नोंद नसेल तिथे तळ्याकाठच्या देवळाची कुठली पायरी बुडाली, कुठल्या साली बांधावरून पाणी गेलं, एवढीच साक्ष उरते. ती साक्ष लेखी घ्यायला काय हरकत आहे? क्षारता तुम्ही मोजा, पूर कुठे आला ते गाव सांगेल.

धामापूरचा तलाव घ्या. 1530 सालचा, 2020 साली त्याला जागतिक वारसा सिंचन रचनेचा मान मिळाला. आता 2017 च्या नियमांत पिण्याच्या पाण्यासाठी आणि सिंचनासाठी माणसाने बांधलेले जलाशय पाणथळ धरलेले नाहीत. पाचशे वर्षं ज्यात मासे, पक्षी, झाडं वाढली त्याचं काठावरचं संरक्षण एका व्याख्येवर लोंबकळतं. अशा जागी गाव बोलणार नाही तर कोण बोलणार?

चाकरमानी

मुंबईत राहतो, गावी गणपतीला आणि शिमग्याला जातो, त्यामुळे माझं वजन किती ते तुम्ही ठरवा. पण डहाणूचं उदाहरण कोणी काढलं नाही म्हणून लिहितो. 1991 साली डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला आणि 1996 साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने त्यासाठी खास प्राधिकरण नेमलं गेलं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. 1998 साली त्या प्राधिकरणाने डहाणूजवळच्या प्रस्तावित वाढवण बंदराला नाही म्हटलं. एका तालुक्यापुरती तपासणी करणारी, तिथल्या लोकांचं ऐकणारी व्यवस्था किनाऱ्यावर चालू शकते, याचा हा पुरावा आहे.

जांभ्याचा चिरा

आणि त्याच प्राधिकरणाने जुलै 2023 मध्ये त्याच बंदराला अटी घालून होय म्हटलं. माणसं बदलली, निकाल बदलला. मच्छीमार तेव्हाही विरोधात होते आणि नंतरही. मग समिती असून उपयोग काय झाला? माझं म्हणणं हेच आहे की समित्या आणि सभा माणसांवर चालतात. नकाशा माणसावर चालत नाही.

चाकरमानी

उपयोग पंचवीस वर्षांचा झाला. तेवढी वर्षं बागायतदारांनी चिकू काढला आणि मच्छीमारांनी जाळी टाकली. मला ते थोडं वाटत नाही.

मोजपट्टी

चाकरमानी, हा मुद्दा मी मान्य करतो, पण डहाणूचं प्राधिकरण ग्रामसभा नव्हतं. त्यात तज्ज्ञ होते. खाजणकाठ मागतायत ते वेगळं आहे. आणि मार्च 2024 ची अधिसूचना बघा. पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग मिळून 1635 गावांसाठी सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमलं. राज्य एका बाजूने नियोजन गावापासून वर न्यायला निघालंय, आणि तुम्ही खाली आणा म्हणताय. हे प्रत्यक्षात कोण करून देणार?

खाजणकाठ

त्या अधिसूचनेमुळेच तर मी हे लिहायला बसलो. हजारो एकरांचं नियोजन एका कार्यालयात होणार असेल तर प्रत्येक खाजणाची माहिती तिथे पोचायची कशी? सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये 2.25 हेक्टरवरच्या सगळ्या पाणथळींची प्रत्यक्ष जागेवर जाऊन पडताळणी आणि हद्दनिश्चिती करा म्हणून राज्यांना सांगितलं. देशभरात त्या 2,31,195 आहेत. जागेवर जायचंच आहे तर गावाला सोबत घेऊन जा. तज्ज्ञ नको असं मी कुठेही म्हटलेलं नाही. तज्ज्ञाने येऊन सभेत बसावं, उधाण ताईंच्या सासूबाई सांगतील ते लिहून घ्यावं, आणि चुकीचं वाटलं तर का ते लिहावं.

जांभ्याचा चिरा

ठीक आहे, मग मीही माझ्या अटी सांगतो. एक, मुदत हवी. अर्ज आल्यापासून 30 दिवसांत सभा झाली नाही तर गावाला हरकत नाही असं धरायचं. दोन, हरकत फक्त पाण्याबद्दल हवी: भरती, पूर, विहीर, उघाडी, मासे. ‘गावात बाहेरची माणसं नकोत’ ही हरकत चालणार नाही. तीन, ज्याचा त्या जमिनीत हिस्सा आहे किंवा जमिनीवरून कोर्टात दावा चालू आहे, त्याने त्या ठरावावर बोलायचं नाही. हे तीन लिहून मिळत असतील तर माझा विरोध बराचसा संपतो. नाहीतर नाही.

उधाण

दुसरी अट मला आवडली. तिसरीही. पहिली नाही. जानेवारीत अर्ज आला तर 30 दिवसांत तळ्याचं पाणी कुठे चढतं ते कसं दाखवणार? तेव्हा तिथे क्रिकेट खेळत असतात पोरं. आणि बायका सभेत बसतात का, ते आधी बघा. आमच्याकडे महिला ग्रामसभा कागदावर होते, मुख्य सभेत आम्ही मागे उभ्या. खाडीत उतरतो आम्ही आणि खाडीबद्दल बोलतात पुढच्या खुर्च्यांवरचे.

जांभ्याचा चिरा

म्हणजे जानेवारीत अर्ज केलेल्याने जुलैपर्यंत थांबायचं? तोवर बँकेचं व्याज कोण भरणार, ताई? गवंडी, चिरेवाले, सेंट्रिंगवाले, आमचं सगळं काम दिवाळी ते मे या महिन्यांत. एक हंगाम गेला की माणसं दुसरीकडे जातात.

आगरवाट

दोन्हींसाठी एकच मुदत ठेवायचं कारण नाही. खाडीकाठचं खाजण असेल तर उधाण दर अमावास्या-पौर्णिमेला येतं, 30 दिवसांत दोनदा जागेवर जाता येईल. आतलं तळं असेल तर एक पावसाळा बघावाच लागेल, मग गावाने दर सप्टेंबरला पाण्याची पातळी खुणेच्या दगडावर नोंदवून ग्रामपंचायतीच्या दप्तरात ठेवावी, म्हणजे पुढच्या अर्जदाराला थांबावं लागणार नाही. आमच्या गावात येत्या 2 ऑक्टोबरच्या सभेत मी हा विषय देतोय. दादा, तुमच्या दोन अटीही त्यात घालतो. ताई, महिलांच्या बसण्याचं आणि त्यांचं म्हणणं इतिवृत्तात नावासकट लिहिण्याचं काय करायचं, त्याचे शब्द तुम्ही लिहून द्याल का?

उधाण

देते. पण सभेची वेळ दुपारची ओहोटी बघून ठेवू नका, त्या वेळी आम्ही खाडीत असतो.