गाडी चालवण्याची धास्ती कमी करण्यासाठी दिनक्रमात काय बदल करावेत?

प्रश्न (कासारवडवली, ठाणे)
नमस्कार. मी कासारवडवलीला राहते आणि ऐरोलीच्या कार्यालयात स्वतः गाडी चालवत जाते. परवाना मिळून बरीच वर्षे झाली असली, तरी गेल्या पावसाळ्यापासून घोडबंदर रस्त्यावर दोन्ही बाजूंना कंटेनर आले की छातीत धडधडते, तळहातांना घाम सुटतो आणि मुलुंड-ऐरोली पुलावर कोंडी झाली तर आपण तिथेच अडकून पडू, असे वाटू लागते. आता तर आदल्या रात्रीपासूनच धास्ती असते आणि अधूनमधून मी गाडी घरी ठेवून रिक्षाने जाते. रोजच्या दिनक्रमात काय बदलले तर हे कमी होईल?

प्रतिसाद (मानपाडा, ठाणे)
ताई, आधी रिक्षाबद्दल बोलतो. गाडी टाळली की त्या दिवसापुरती सुटका होते, पण ‘टाळली म्हणून वाचलो’ ही मनाची समजूत पक्की होते आणि पुढच्या वेळी भीती अधिक जोराने येते. त्यामुळे टाळण्याऐवजी टप्पे पाडावेत. रविवारी सकाळी लवकर पातलीपाड्याच्या हिरानंदानी इस्टेटमधील आतल्या रस्त्यांवर फेरी मारावी, मग कापूरबावडीपर्यंत जाऊन परत यावे आणि ऐरोलीचा पूल सगळ्यांत शेवटी, तोही रहदारी नसताना ओलांडावा. एखाद्या टप्प्याचा कंटाळा येऊ लागला की पुढचा घ्यावा. कंटाळा हीच इथे प्रगतीची खूण आहे. वार आणि वेळ मात्र ठरलेली असू द्या, नाहीतर दर आठवड्याला ‘आज जावे की नको’ याचाच ताण होतो.

प्रतिसाद (नेरूळ, नवी मुंबई)
माझ्या मते निम्मे काम गाडीत बसण्यापूर्वीच होते. किल्ली, पाण्याची बाटली, डबा आणि कार्यालयाचे ओळखपत्र रात्रीच एका जागी ठेवावे, कारण सकाळच्या शोधाशोधीने वाढलेली धडधड मन रस्त्याच्या खात्यावर टाकते. उपाशीपोटी निघू नये. चहा-कॉफी एका कपावर आणावी आणि दुपारनंतर टाळावी. साधारण 5 तासांनीही निम्मे कॅफीन शरीरात शिल्लक असते आणि झोप बिघडली की दुसऱ्या दिवशीची धास्ती वाढते.

गाडीत बसल्यावर क्रम रोज तोच ठेवावा: आसन, आरसे, पट्टा, मग दोन्ही पावले टेकवून काही संथ श्वास, श्वास घेताना 4 आणि सोडताना 6 आकडे मोजत. घाबरल्यावर आपण भराभर श्वास घेतो, रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. अनेकांना तो हृदयविकाराचा झटकाच वाटतो. उच्छ्वास लांबवला की ठोके उतरतात. सिग्नलला थांबल्यावर स्टिअरिंगवरची पकड आणि आवळलेला जबडा सैल करण्याची सवयही लावून घ्या. वाशी ते बेलापूर पाम बीच रस्त्यावर मला याचाच सर्वाधिक उपयोग झाला.

प्रतिसाद (समुपदेशक, ठाणे)
वरच्या दोन्ही सूचना योग्य आहेत, पण सतत धडधड होत असेल तर थायरॉइड आणि हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्यावे. कोणाकडून मागून घेतलेली झोपेची किंवा चिंतेची गोळी खाऊन गाडी मुळीच चालवू नये; सर्दीच्या काही गोळ्यांनीही गुंगी येते. घबराटीची लाट बहुधा 10 मिनिटांच्या आत शिखर गाठून ओसरू लागते, म्हणून पुलावर ती आली तरी मध्येच थांबू नये. वेग कमी करून, इंडिकेटर देऊन डावीकडे यावे आणि पूल संपल्यावर सुरक्षित जागा पाहून थांबावे. काही आठवड्यांत फरक पडला नाही, तर ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग आहे, शिवाय 2022 मध्ये सुरू झालेली टेलीमानस ही सरकारी सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य मिळते.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार. सुरुवातीला यजमानांना शेजारी बसवले तर चालेल का?

प्रतिसाद (समुपदेशक, ठाणे)
अवश्य, मात्र ‘ब्रेक लाव, ट्रक आला’ अशा सूचना त्यांनी देऊ नयेत. पहिल्या एक-दोन टप्प्यांनंतर त्यांना घरीच थांबू द्या आणि पोहोचल्यावर फक्त फोन करा.