सैंधव झालं तरी मीठच
सैंधव वापरलं की बीपीवाल्यांना मीठ मोजायला नको, असं काही जण म्हणतात, ते पटलं नाही. सैंधवही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच असतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम चहाचा एक सपाट चमचा. पापड, लोणचं, फरसाण, पानात डावीकडे वाढलेलं मीठ, सगळं त्यातच आलं.

१९९७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या डॅश चाचणीत (आहाराने रक्तदाब कमी होतो का, हे पाहणाऱ्या) तर मीठ तेवढंच ठेवून फळं, भाज्या, कमी स्निग्धांशाचं दूध वाढवलं, तरी रक्तदाब उतरला. तेव्हा पालेभाजी, कोशिंबीर वाढवाच. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र कमी सोडियमचं मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको; त्यात पोटॅशियम असतं, आणि दुबळ्या मूत्रपिंडांना ते नीट बाहेर टाकता येत नाही. आणि कृपा करून बीपीच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका.