'वाटी'साठी एकच कार्ड? साफ चुकीचा सल्ला

वाचाताई: कालच्या धाग्यात सल्ला होता: दीड वर्षाच्या मुलाला 'वाटी' शिकवताना रोज एकच कार्ड दाखवा, वेगवेगळ्या वाट्या दाखवल्या की मूल गोंधळतं. वाचून राहवलं नाही. वाटी आकारावरून ओळखायची, चकाकीवरून नाही, हे त्या कार्डावरून कसं कळणार? मानसशास्त्रज्ञ लिंडा स्मिथ आणि सहकाऱ्यांनी (2002) 17 महिन्यांच्या मुलांना 7 आठवडे नवी नावं शिकवली: आकार तोच, रंग आणि साहित्य वेगळं. पुढे ती मुलं कधी न पाहिलेल्या वस्तूंनाही आकारावरून नावं लावू लागली, घरच्या बोलण्यातली नामंही झपाट्याने वाढली. स्टीलची, प्लास्टिकची, काचेची वाटी एकत्र हातात द्या. शेजारी स्टीलचा चमचा ठेवा आणि सांगा, 'ही वाटी नाही'.

रोकठोक: धागा माझाच. एवढा पसारा मांडून काय टिकतं? हॉर्स्ट-सॅम्युएलसन यांचा अभ्यास, 2008: नवं नाव ऐकून दोन वर्षांच्या मुलांनी दोन ओळखीच्या वस्तूंशेजारची अनोळखी वस्तू बरोबर निवडली, पण पाच मिनिटांत नाव विसरली.

वाचाताई: अर्धाच अभ्यास का सांगता? त्यातच वस्तू उचलून, बोट दाखवून नाव सांगितलं तेव्हा ते टिकलं.

गोदाकाठ: वाट्यांचं सोडा. 'वाटी' म्हटलं की लगेच 'बाउल' म्हणतात, खरा घोळ तिथे आहे. मूल एका वस्तूला एकच नाव धरतं. घरात एकच भाषा ठेवा.

भाषावेडा: असले सल्ले देऊन घरातली मराठी बंद पाडू नका! बायर्स-हाइनलाइन आणि वर्कर यांनी (2009) 17-18 महिन्यांची बाळं तपासली. नवं नाव ऐकलं की एकभाषिक बाळं अनोळखी वस्तूकडे बघत, द्विभाषिकांत हा कल कमी, तीन भाषांच्या घरांतल्या बाळांत दिसलाच नाही. मराठी-हिंदी-इंग्रजी ऐकणारं मूल एका वस्तूला एकच नाव असतं असं धरून चालत नाही. ते बिघडलेलं नाही.

गोदाकाठ: मग दोन-तीन भाषा ऐकणाऱ्या मुलांचे शब्द कमी का भरतात?

भाषावेडा: कारण तुम्ही एकाच भाषेतले मोजता. 'पाणी' आणि 'वॉटर' दोन्ही धरा, मग बोला.

रोकठोक: अजून एक प्रश्न. गाईला 'भूभू' म्हटलं तर 'चूक' म्हणायचं की नाही?

वाचाताई: आधी 'गाय कुठे?' विचारा. बरेचदा मूल बरोबर बोट दाखवतं, फक्त तोंडी शब्द येत नाही. मग 'ही गाय, शिंगं बघ' म्हणा. आणि 'भूभू' शिकवताना तिन्ही पांढरे पोमेरेनियन नकोत. तीन-चार वर्षांच्या मुलांना एकाच जातीचे तीन कुत्रे दाखवले तर ती नाव त्या जातीपुरतंच धरतात, हे शू-टेनेनबाउम या संशोधकांनी 2007 मध्ये दाखवलंय. गल्लीतला कुत्राही दाखवा.

रोकठोक: बरं, तीन वाट्या मान्य. पण एका बैठकीत नवा शब्द एकच, त्यावरून मी हटणार नाही.