‘ईव्हीएम ओटीपीने उघडतं’ म्हणणाऱ्या काकांशी कसं बोलू?

गोरेगावकर: काका बेस्टमधून कंडक्टर म्हणून रिटायर झाले. मतदान कधी चुकवलं नाही. आता दिवसभर यूट्यूबवर ‘हे तुम्हाला कोणी दाखवणार नाही’वाले व्हिडिओ. परवा म्हणाले, “गोरेगावच्या नेस्को मोजणी केंद्रात मोबाईलवर ओटीपी घेऊन मशीन उघडलं. मी आता मत द्यायला जाणार नाही.” पेपरचं कात्रण, त्यावर लाल बाण, मागे धडधडतं संगीत. वाद घातला की म्हणतात, “तुलाही पढवलंय.” काय करू?

दादरची_शिक्षिका: त्यातलं थोडं खरं आहे, म्हणूनच ते पटतं. 4 जून 2024 ला नेस्कोत मुंबई वायव्य लोकसभा मतदारसंघाची मोजणी झाली, निकाल लागला 48 मतांनी. केंद्रात मोबाईल वापरल्याचा गुन्हा वनराई पोलिसांत खरोखर दाखल झाला. पण ओटीपी लागतो तो आकडे भरायच्या संगणक प्रणालीत लॉगिन करायला. मशीन कुठल्याच नेटवर्कला जोडलेलं नसतं. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी पत्रकार परिषदेत हे सांगितलं, बातमी छापणाऱ्या पेपरने माफीही मागितली. कात्रण काकांपर्यंत पोचलं, माफी पोचली नाही. मला राग येतो तो याचा.

मी इलेक्शन ड्यूटी करते. मतदान सातला, पण साडेपाचला उमेदवारांच्या पोलिंग एजंटांसमोर मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान होतं. किमान 50 मतं टाकून व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत कोणाला गेलं ते छापणाऱ्या यंत्राच्या, चिठ्ठ्यांशी ताडून बघतो, मग सगळं पुसून सील करतो, सीलवर एजंट सह्या करतात. संध्याकाळी पडलेल्या एकूण मतांची नोंद असलेल्या 17सी फॉर्मची प्रत प्रत्येक एजंटच्या हातात. मोजणीला तोच आकडा मशीनशी जुळवतात.

भांडुपवाला: ताई, शंका घेणं चूक नाही हं. सगळ्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजा, ही मागणी सुप्रीम कोर्टात गेली, 26 एप्रिल 2024 ला फेटाळली गेली. निकाल पटो न पटो, त्या लोकांनी कागद मांडले, कोर्टाचे प्रश्न झेलले. चॅनेलवाला कुठेच जात नाही. उत्तर मिळालं की ‘बघा, हेही सामील’. असा माणूस काकांना प्रश्न विचारायला शिकवत नाही, घरी बसवतो.

दादरची_शिक्षिका: शंका घेऊच नका असं मी म्हणत नाही. म्हणून तर सांगते, वाद सोडा. त्यांना आवडेल त्या पक्षाचे पोलिंग एजंट व्हायला सांगा. साडेपाचला स्वतः बटण दाबू देत.

गोरेगावकर: आमच्या बिल्डिंगमधले एक जण मागच्या वेळी एजंट होते. 17सीची प्रत त्यांनी ठेवली असेल तर रविवारी काकांना घेऊन त्यांच्याकडेच जातो.