करारावर अंगठा उठवला, म्हणजे मजूर मोकळा होता का?

धागाकर्ता: तांबडी माती
गुलामगिरी गेली आणि मोकळ्या मजुरीचे दिवस आले, असे आपण सहज म्हणतो. मॉरिशसचा इतिहास वाचून माझा त्यावर विश्वास उरलेला नाही. १ फेब्रुवारी १८३५ ला तिथले गुलाम कायद्याने सुटले, पण 'उमेदवारी'च्या, म्हणजे शिकाऊ कामगारीच्या, नावाखाली १८३९ पर्यंत त्याच मालकांकडे राबले. भरपाई मिळाली मालकांना. साऱ्या ब्रिटिश वसाहतींत मिळून दोन कोटी पौंड. सुटलेल्यांना छदामही नाही. त्यातल्या बहुतेकांनी उसाच्या मळ्यांकडे पाठ फिरवली, तेव्हा भारतातून करारावर माणसे नेली. कलकत्ता, मद्रास आणि मुंबईहूनही. त्यात आपले कोकणातले लोकही होते. पगार महिना पाच रुपये आणि शिधा. एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापली जाई. काम सोडले तर तुरुंग. १८६७ नंतर करार संपलेल्यांनाही फोटोचा पास बाळगावा लागे, नसला की भटका म्हणून अटक. ही सक्तीच होती.

दर्याकाठ
साफ असहमत. गुलामाचे मूल जन्मतः गुलाम असे. करारी मजुराचे मूल तसे नव्हते. हा फरक पुसणे गुलामांवर अन्याय आहे. आणि गावी तरी काय होते? वेठबिगार, सावकार, जातीचा जाच. रोख पाच रुपये ही त्या माणसाला मोठी गोष्ट होती. पुढे मळ्यांचे तुकडे विकायला निघाले, तेव्हा याच लोकांनी जमिनी घेतल्या. मॉरिशसचे पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम यांचे वडील बिहारहून मजुरीलाच गेले होते.

तांबडी माती
जायला ते राजी असतील. पण सोडून यायची मुभा कुठे होती? परतीचा फुकट प्रवासही १८५० च्या दशकात बंद केला.

सनदशीर
खुद्द इंग्लंडमध्ये १८७५ पर्यंत करार मोडणाऱ्या कामगाराला तुरुंग होता. मग तोही गुलाम म्हणायचा का?

तांबडी माती
गुलाम नाही, पण मोकळाही नाही. आणि तो कायदा गेला कसा? कामगारांच्या संघटना होत्या, १८६७ ला शहरांतल्या अनेकांना मतही मिळाले होते. मॉरिशसच्या मजुरांजवळ अर्जाशिवाय काही नव्हते. १८७१ ला त्यांचा अर्ज लिहायला मदत केली म्हणून द प्लेव्हिट्झ या गोऱ्या माणसाला भर रस्त्यात मार खावा लागला.

फडकरी
एवढे लांब कशाला जाता? १८५९ चा कायदा आपल्याकडचाच. आगाऊ पैसे घेऊन काम न करणारा कारागीर वा मजूर गुन्हेगार ठरे. १९२५ ला तो रद्द झाला. आज ऊसतोडीची उचल घेतलेल्या कोयत्याला, म्हणजे तोडणीच्या नवरा-बायकोच्या जोडीला, विचारा, हंगामाच्या मध्यात फड सोडता येतो का. खाडा धरला की मुकादम आजही दंड लावतो.

दर्याकाठ
उचलीबद्दल तुमचे खरे आहे, पण ती वेठ ठरली तर १९७६ च्या वेठबिगारी कायद्याने गुन्हेगार मालक ठरतो, मजूर नाही. अंमलबजावणी होत नाही, त्यावर भांडू. मॉरिशसमध्ये कायदाच मालकाचा होता.

फडकरी
फडात तहसीलदार येतो कधी? तिथे मुकादमाचाच शब्द चालतो.