मदत हवी आहे: बायकोचं नाव मतदार यादीत सापडेना, लोकसभेचं 7 मे 2024 चं मतदान तोंडावर आलंय

रंकाळा_चौपाटी: मंडळी, डोकं फिरायची पाळी आलीय. बायकोचं नाव यादीत नाही. ऑनलाइन फॉर्म भरला, रिजेक्ट. कचेरीत गेलो तर ‘बीएलओला भेटा’ (म्हणजे आपल्या केंद्राची यादी बघणारा अधिकारी), बीएलओचा फोन लागत नाही. नेमकं काय करायचं तेवढं सांगा. लोकशाहीवर भाषण नको.

खडू_फळा: फॉर्म कुठला, 6 की 8? राहायला कुठं? आधी कुठं नाव होतं का?

रंकाळा_चौपाटी: 6, नवीन नावाचा असतो तोच. राहतो उचगावला.

उचगाव_फाटा: मग विधानसभेचा कोल्हापूर दक्षिण मतदारसंघ. तुम्ही उत्तरच्या यादीत शोधत बसला नाही ना? शिवाजी पेठेतनं इकडं आलेल्यांचं हेच होतंय. लोकसभेला दोन्ही कोल्हापुरातच येतात, म्हणून लोक निवांत राहतात. पण मत ज्या यादीत नाव, त्याच केंद्रावर.

रंकाळा_चौपाटी: दक्षिणमध्येच शोधलं हो. नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, सगळं टाकून.

झणझणीत: एवढा ताप कशाला भावा? आधार घेऊन जायचं आणि चॅलेंज वोट मागायचा. कलम 49अ. व्हॉट्सअॅपवर आलंय, पाठवू काय?

खडू_फळा: नका पाठवू. तो मेसेज दर निवडणुकीला येतो आणि दर निवडणुकीला खोटाच असतो. आधार, पॅन, लायसन्स, फोटोचं पासबुक हे सगळं ओळख पटवायला. यादीत नावच नसेल तर पासपोर्ट दाखवा नाहीतर आणखी काही, मत मिळत नाही. चॅलेंज म्हणजे उमेदवाराचा पोलिंग एजंट म्हणतो, ‘हा तो माणूस नव्हे’, आणि 2 रुपये भरून आक्षेप घेतो. मतदारानं मागायची गोष्ट नव्हे ती.

झणझणीत: मग टेंडर मत? आमच्या गल्लीत एकानं टाकलंय.

वकिली_बाणा: त्याच्या नावावर आधीच कुणीतरी मत देऊन गेलं असणार. तेव्हा मशीनवर नाही, कागदी मतपत्रिकेवर मत घेतात आणि वेगळं ठेवतात. म्हणजे त्याचंही नाव यादीत होतंच की.

सात_सेकंद: बटण दाबल्यावर शेजारच्या व्हीव्हीपॅट मशीनच्या काचेत, मत कुणाला गेलं त्याची चिठ्ठी 7 सेकंद दिसते. बघूनच बाहेर या. कुणी बघत नाही.

रंकाळा_चौपाटी: बटणापर्यंत पोचू तर द्या!

इचल_एक्स्प्रेस: तुमचं बरंय. आम्ही इचलकरंजीकर, जिल्हा कोल्हापूर आणि मतदारसंघ हातकणंगले. त्यात परत शिराळा आणि इस्लामपूर सांगली जिल्ह्यातले. एका खासदाराला दोन जिल्हाधिकारी.

खडू_फळा: त्याला वेगळा धागा काढा. रंकाळासाहेब, वहिनींचं माहेर कुठलं? लग्नाआधीच्या नावानं शोधलं का?

रंकाळा_चौपाटी: त्याचा काय संबंध? माहेर मिरजेचं. तिथं एकदा मतदान केलंय तिनं. कार्ड सासूबाईंच्या कपाटात असेल.

खडू_फळा: हेच तर पहिल्या ओळीत हवं होतं! त्यांचं नाव मिरजेच्या यादीत आहे, माहेरच्या आडनावानं. म्हणून इकडं सापडत नाही, आणि बहुतेक म्हणूनच 6 उडाला. त्या फॉर्मखाली आपण लिहून देतो की दुसरीकडं कुठं माझं नाव नाही. खोटं निघालं तर वर्षभराच्या कैदेपर्यंत तरतूद आहे. सहसा तिथवर जात नाही, पण परत 6 भरू नका.

वकिली_बाणा: मिरजेत फॉर्म 7 भरून नाव कमी करा, मग इथं 6. सरळ मार्ग.

खडू_फळा: सरळ कसला, दोन हेलपाटे. आणि मिरजेतलं उडालं, इथलं अडकलं, की दोन्हीकडनं गेलं. 2022 ला फॉर्म बदलले. आता मतदारसंघ बदलला तरी 8 च. पत्ता बदल निवडा, जुना कार्ड नंबर टाका, उचगावचं लाइट बिल जोडा. मी शाळेत शिकवत असताना बीएलओचं काम केलंय, लग्न होऊन आलेल्या सुनांचे निम्मे अर्ज असेच अडकायचे.

वकिली_बाणा: बरं, 8. पण वेळ कुठाय? उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख 19 एप्रिल. त्यानंतर कायद्यानंच यादीला हात लागत नाही.

खडू_फळा: म्हणून आजच भरा. चौकशीला आठवडा तरी जातो. नाहीच झालं तर मिरजेत मत द्या. सांगलीचं मतदानही 7 मे लाच आहे, सकाळच्या गाडीनं जाऊन दुपारी परत. बीएलओ लागत नसेल तर 1950 या हेल्पलाइनला फोन करा.

रंकाळा_चौपाटी: सासूबाईंनी कार्डाचा फोटो पाठवला. नंबर टाकल्याबरोबर नाव आलं, मिरज. 8 भरलाय, रेफरन्स नंबर मिळालाय. बायको म्हणते मिरजेलाच जाऊ, आईकडं जेवणही होईल.

उचगाव_फाटा: मग फॉर्म कशाला भरला?

पेठेतली_काकू: माझ्या सासऱ्यांना 84 पूर्ण आहेत. घरी येऊन मत घेतात म्हणे, त्याचा फॉर्म कुठं मिळेल?

खडू_फळा: काकू, ते 85 च्या वर. पूर्वी 80 होतं, यंदा वाढवलंय. 40 टक्के अपंगत्वाचा दाखला असेल तर मात्र वयाची अट नाही, फॉर्म 12डी भरा. आहे का दाखला?